केवळाबाई पुरस्काराची पडताळणी

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

लागलं काम. किती दिवस टिकतं बघू.

वैजनाथभाऊनं बोलावलं म्हणून लातूरला जाऊन आलो. तो तिथल्या केवळाबाई स्मृती प्रतिष्ठानचा मॅनेजर. शिवशंकर शेठ म्हणून एक डाळ मिलवाले आहेत, त्यांनी आईच्या नावानं पुरस्कार ठेवलाय. समाज बदलणाऱ्या माणसाला. नांदेड-लातूर दोन्ही जिल्हे मिळून वर्षाला एकच. अर्ज येतात, परीक्षक वाचतात आणि ठरवतात. पण मागच्या साली एकाची संस्था नुसती लेटरहेडवरच निघाली. म्हणून यंदा जागेवर जाऊन बघणारा माणूस पाहिजे — पडताळणीला. वैजनाथभाऊ म्हणाला, फिरायचा कंटाळा नसलेला एकच माणूस मला माहीत आहे, बाकी त्याला कशालाच धरून राहता येत नाही.

खरं आहे. मोबाइलचं दुकान, मंडपाचे लाइट, सर्व्हे, बी.ए.चं दुसरं वर्ष. सगळं अर्ध्यातून सुटलं. अम्मीला सांगितलं तर मशीनवरून मान पण वर केली नाही. "अब तू लोगां की जाँच करता? तेरी कौन करता?"

फॉर्म चार पानांचा आहे. शेवटच्या पानावर मोठा रकाना — सर्वांत परिणामकारक घटना, दोनशे शब्दांत. वैजनाथभाऊ म्हणाला, खरं सांगू यासेर, परीक्षक तेवढंच नीट वाचतात.

९ फेब्रुवारी, रविवार

हिमायतनगर. पहिला अर्ज. रामकिशन नावाचे गृहस्थ, माळावर हजार झाडं लावली म्हणतात.

पाट्या हजार असतील. प्रत्येक पाटीवर पाहुण्याचं नाव — अमुक साहेबांच्या हस्ते, तमुक ताईंच्या हस्ते. पाटीखाली काडी. काही काड्यांना पानं आहेत, खोटं कशाला बोलू. माणूस वाईट नाही. खड्डे स्वतः खांदले, हात दाखवले मला. पाणी कुठून आणू, म्हणाला. जेवू घातलं. ठेचा लई तिखट.

तिथून माहूर जवळच म्हणून गेलो. साठ-सत्तर किलोमीटर, जवळच म्हणायचं. गडाच्या पायऱ्यांपाशी एक म्हातारा देवीच्या तांबुलासाठी खलबत्त्यात पानं कुटत होता. त्याचा ठेका इतका एकसारखा की मी बसून राहिलो. दोन तास! विचारलं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, येतो की, म्हणून तर कुटतो.

घटनेचा रकाना कोराच.

१० फेब्रुवारी

गाडीची चेन तुटली. दिवस वाया.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे बघितलं ते नीट लिहून काढायचं आहे. पुन्हा पुन्हा आठवून राहिलो.

बिलोलीच्या पुढं सात-आठ किलोमीटरवर गाव. अर्ज नागुबाईचा, पण तिनं केलेला नाही. झेडपी शाळेतल्या आरती मॅडमनी परस्पर भरलाय. कामाचं स्वरूप या रकान्यात त्यांनी लिहिलंय: लग्नात पुऱ्या लाटणे. मला वाटलं चुकीचा अर्ज आला.

गावात पोचलो तर नागुबाई लग्नघरी. गेलो तिथं. अंगणात वीसेक बाया गोल बसलेल्या, प्रत्येकीपुढं पोळपाट. मधी मोठी परात, पीठ टेकडीसारखं चाळून ठेवलेलं. आणि कोणीच हात लावत नाही. कढईखाली जाळ नाही. यजमान घरातून बाहेर, बाहेरून घरात. कागदांची कुठली पिशवी सापडत नव्हती. बाया आपल्या निवांत, एकीनं तर डोळे मिटलेले.

मग नवरी स्वतःच आली बाहेर, हातात कागद. माझ्यापेक्षा मोठी असंल.

"नागुअक्का, मी एम.ए. झाले गं. आता तरी लाटा."

"एम.ए. मला वाचता येत न्हाई," नागुबाई म्हणाली. "साल दाखव."

नवरीनं शाळेचा टीसी पुढं धरला. नागुबाईनं बोट ठेवून जन्माचं साल वाचलं, आणि शेजारणीला म्हणाली — घाल पाणी. बाया खळखळून हसल्या, नवरी पण. पाच मिनिटांत पुऱ्या सुरू.

हेच तिचं काम. आजूबाजूच्या अठरा गावांत लग्नाच्या पुऱ्या तिच्याच बाया लाटतात. बोलवायला कोणी आलं की पहिलं वाक्य — पोरीचा टीसी आणा. अठराच्या खाली असली तर पीठ भिजवत नाहीत. भांडण नाही, पोलीस नाही, भाषण नाही. आधार कार्ड चालत नाही. आधारवरची तारीख माणूस बदलून आणतंय, शाळेच्या रजिस्टरातली बदलत न्हाई, असं म्हणाली. पुऱ्या नाहीत तर पंगत नाही, पंगत नाही तर पाहुण्यात इज्जत नाही. लोक दोन साल थांबतात. मग तिलाच बोलावतात.

फॉर्म काढून विचारलं, आजपर्यंत किती लग्नं मोडली?

तिनं माझ्याकडं असं बघितलं, मी शिवी दिली जशी काय.

"मी लग्न मोडीत न्हाई लेकरा. मी पीठ भिजवीत न्हाई, इतकंच."

आकडा सांगितलाच नाही. मोजले नाहीत म्हणे.

पुरस्काराचं विचारलं तर शाल तिला नको आहे, दोन आहेत घरी. पण आरती मॅडमनी तिच्या डोक्यात एक घातलंय — लातूरला स्टेजवर नाव झालं तर बाकीच्या तालुक्यांतल्या लाटणाऱ्या बाया बघतील, त्या पण विचारायला लागतील. तेवढ्यासाठी तिला तो पाहिजे. तेवढं एकच बोलताना तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परत गेलो. जायचं काही कारण नव्हतं, फॉर्म भरून झाला होता — तो एक रकाना सोडून.

आज तिला काम नव्हतं. ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी पण निवडायला लागलो. बोलता बोलता विचारलं, कधी उशीर झाला का अक्का?

मूठभर तूर सुपात सोडली. मग म्हणाली, एकदा.

लॉकडाऊनचा उन्हाळा, दोन हजार एकवीसचा. पन्नास माणसात लग्न उरकत होते लोक. एका शेतात, गोठ्यापुढं मांडव. कोणाला कळू नये म्हणून तिच्या बायांमधल्या दोघींनाच बोलावलं होतं. त्यातली एक पळत आली तिला सांगायला. नागुबाई पोचली तेव्हा पोरगी पाटावर बसलेली. पंधरा वर्षांची. हळद लागलेली — तोंड, हात, पाय, सगळं पिवळं.

हळदीच्या आधी थांबलं तर कोणाला काही वाटत नाही. हळद लागली आणि लग्न नाही लागलं, तर मात्र पोरीतच खोट आहे असं धरतात. जन्मभर विचारतात, का उठली पाटावरून? म्हणून ती कायम हळदीच्या आधीच गाठते. हे एकच चुकलं.

पीठ भिजवून ठेवलं होतं. ती परातीला टेकून बसली नुसती. बाप अंगावर धावून आला. आईनं पाय धरले. ही उठली नाही. दुपार झाली, पीठ वाळून त्याला भेगा पडल्या. नवऱ्याकडचे तेलंगणातले, बोधनच्या बाजूचे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं शेवटी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठला. वऱ्हाड उपाशी गेलं.

मग हिनं पोरीला विहिरीवर नेलं. बेसन लावून लावून हळद काढली. निघता निघंना. तिथल्या बायांनी चुलीवर हात ठेवून कबूल केलं — ह्या पोरीला हळद लागली होती, हे तोंडातून काढायचं न्हाई. चार साल झाले, एक पण बोलली नाही. पोरीचं नाव तनुजा. आता लातूरला नर्सिंग शिकते. दुसऱ्या वर्षाला. एकोणीसची झाली, मुखेडचं स्थळ आलंय, पसंती झाली आहे.

"तुला का सांगितलं काय माहीत," म्हणाली. "तूर निवडायला बसलास म्हणून असंल. कागदावर जाऊ देऊ नको."

हाव, नाही जाऊ देत म्हणालो.

१४ फेब्रुवारी

लिहिलं.

काल घरी येताना सगळा रस्ता तेच डोळ्यापुढं. ते भेगा पडलेलं पीठ. आणि रकाना कोरा. बाकी काय लिहू, साल बघून पाणी घातलं? परीक्षकांना त्यात काय दिसणार आहे! नाव नाही लिहिलं. बिलोली तालुका, उन्हाळा २०२१, शेतातलं लग्न, मुलगी आज लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला — इतकंच. इतक्यानं कोणाला कळतंय.

दोनशेच्या जागी तीनशे दहा शब्द झाले. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत लिहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लातूर. परीक्षकांची बैठक. मला खुर्ची दिली, कोपऱ्यातली, पण दिली.

परीक्षक दोन. विरूपाक्ष सर, उदगीरचे, कॉलेजातून रिटायर झालेले. चष्मा कपाळावर ठेवून शोधत असतात. आणि एक डॉक्टर मॅडम. शेठ परीक्षक नाहीत, ते फक्त ऐकायला बसतात. पण सगळे बोलताना त्यांच्याकडंच बघतात.

नागुबाईचं नाव आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, ही चळवळ कशी म्हणायची? संस्था नाही, नोंदणी नाही, आकडा नाही. ह्या बाईनं काही केलेलंच नाही. विरूपाक्ष सर म्हणाले, तेच तर मॅडम. तिनं केलेलं नाही, हेच तिचं काम. मॅडमना पटलं नाही. मग सरांनी माझं पान उचललं आणि मोठ्यानं वाचलं.

माझं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिलो. शेठची आई, केवळाबाई, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. गेल्या वर्षीची स्मरणिका समोरच होती, पहिल्या पानावर त्यांचं चरित्र — वयाच्या अकराव्या वर्षी त्या लक्ष्मीच्या पावलांनी या घरात आल्या.

वाचून झालं. मॅडमनी चष्मा पुसला. शेठ हळू आवाजात, कोणालाच उद्देशून नाही असं बोलले.

"माझ्या आईच्या लग्नात पीठ कोणी भिजवलं असंल?"

चहा आला. निवड झाली म्हणजे झालीच. जाहीर व्हायची तेवढी बाकी, दहा मार्चच्या बैठकीत सह्या. समारंभ तेवीसला, केवळाबाईंच्या पुण्यतिथीला.

येताना अहमदपूरला थांबून एकट्यानं जिलबी खाल्ली. पाव किलो!

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. दिवसभर झोप. अम्मीनं शेजारणीला सांगितलं म्हणे, मेरा बेटा लातूर के बड़े लोगां में बैठता.

६ मार्च, गुरुवार

वैजनाथभाऊनं स्मरणिकेचं प्रूफ व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मधलं पान पूर्ण माझं लिखाण. वर मथळा, मोठ्या अक्षरात — अंगाला हळद लागलेली मुलगी वाचली. खाली गावाचं नाव. गाव मी लिहिलं नव्हतं, त्यांनी अर्जावरून घेतलं. गाव, साल, नर्सिंग, लातूर. त्या गावातून लातूरला नर्सिंगला किती मुली गेल्या असतील? एक. एकच!

खाली मेसेज. मुलीचं नाव आणि नंबर दे, शेठना ती स्टेजवर पाहिजे. तिच्या हातानं नागुबाईला शाल.

लगेच फोन लावला. प्रसंग काढा म्हणालो.

का? खोटा आहे का?

खोटा नाही. पण मुलीचं लग्न जमलंय भाऊ, मुखेडकडच्यांना कळलं तर —

तर शेठ स्वतः जातील, म्हणाला. गाडी घेऊन तिच्या सासरच्यांच्या दारात जातील, समजावतील. त्यांनी मनावर घेतलंय यासेर. रोज ते पान वाचतात. दोन पेपरवाल्यांना पण पाठवलंय, तेवीसला छापणार आहेत.

शेठची गाडी मुखेडला, दारात! मी डोळ्यापुढं आणून बघितलं आणि फोन ठेवला.

७ मार्च, शुक्रवार

नागुबाईला सांगितलं. फोनवर सांगणार होतो, धीर झाला नाही, गेलो बिलोलीला. लग्नघरीच होती, हात पिठात. ऐकून घेतलं सगळं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला म्हणलं होतं ना लेकरा."

एवढंच बोलली. मग हात धुतले. म्हणाली, माझं नाव काढायला सांग, पुरस्कार नको मला. मी म्हणालो, नाव काढलं तरी ते पान छापणारच आहेत, शेठला ते पानच पाहिजे. तिच्या बाया आमच्याकडं बघत होत्या, लाटणी थांबलेली.

"चार साल ह्या बायांनी तोंड शिवून ठेवलं," म्हणाली. "भावकीत भांडणं झाली, एकमेकीच्या झिंज्या धरल्या, तरी हे न्हाई काढलं. आता ह्यांना काय सांगू?"

निघताना तिनंच म्हटलं — पोरीला जाऊन सांग तरी. तिचं तिला कळू दे.

८ मार्च, शनिवार

लातूर. नर्सिंग कॉलेजचं गेट. अकरा वाजता पोचलो.

काय बोलायचं ते रस्त्यानं पाठ केलं होतं. मला माफ करा, मी लिहिलं, आता काय करू ते तुम्ही सांगा. एवढंच.

वॉचमन म्हणाला, कोणाला भेटायचं? तनुजा म्हणालो, सेकंड इयर. कोण लागता? कोणी नाही, काम आहे. नाव काय तुमचं?

तिथं अडलं.

यासेर आणि तनुजा. आजकाल ह्या दोन नावांच्या मधी लोक काय काय घालतात ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या नाक्यावरचा एक पोरगा नुसतं वर्गातल्या मुलीचं पुस्तक परत द्यायला गेला होता. वॉचमन रजिस्टर उघडून, पेन धरून बसलेला. तिच्या नावापुढं माझं नाव लिहून घेणार. दुपारपर्यंत हॉस्टेलभर. आणि मुखेडकडच्यांना हळदीच्या आधी हेच कळणार.

नंतर येतो म्हणालो.

समोरच्या झाडाखाली उभा राहिलो. सुट्टीत मुली बाहेर आल्या, पांढरे कपडे, सगळ्या एकसारख्या. त्यातली कोणती, ते पण माहीत नाही मला. एक जण रसवंतीवाल्याशी बर्फावरून भांडत होती, हसून हसून. ती असंल असं वाटलं. का वाटलं माहीत नाही.

मग गंजगोलाईच्या बाजारात गेलो. उगाच. कुलपं दुरुस्त करणाऱ्यापाशी बसलो, त्याच्याकडं किल्ल्यांची एक माळ होती, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या. इफ्तार तिथल्याच मशिदीत केला. आरती मॅडमकडून मुलीचा नंबर घेता आला असता, हे खजूर तोंडात घातल्यावर सुचलं. आणि सुचलं तरी मागितला नाही. फोनवर पण तेच सांगावं लागणार होतं ना.

रस्ता एकच उरलाय. खोटा आहे का, विचारलं होतं वैजनाथभाऊनं. खोटा असता तर काढला असता.

१० मार्च, सोमवार

सांगितलं.

सह्यांचे कागद टेबलावर मांडलेले होते. मी उभं राहून म्हणालो, तो प्रसंग मी मनानं लिहिला. असं काही घडलेलं नाही. तशी मुलगीच नाही.

मॅडमनी विचारलं, बिलोलीला गेला तरी होता का? गेलो होतो. मग बाकीचं? टीसी, अठरा गावं? मी म्हणालो, ते खरं आहे. त्या म्हणाल्या, कसं मानायचं? हातातलं पान त्यांनी उलटं ठेवलं.

हे मी धरलंच नव्हतं. मला वाटलं होतं पान जाईल, नागुबाई राहील. त्यांनी दोन्ही एकदमच काढलं. वैजनाथभाऊ लालबुंद, पेपरवाल्यांना काय सांगू म्हणून. शेठ उठले, आईच्या फोटोपाशी गेले, हार सरळ होता तरी सरळ केला.

लेखी द्यायला लावलं. सदर घटना काल्पनिक असून असे काही घडलेले नाही. यासेर गुलाम रसूल. सही. तारीख.

विरूपाक्ष सर जिन्यापर्यंत आले. मला न्याहाळून बघत होते. म्हणाले, मी चाळीस वर्षं पोरांचे पेपर तपासले. बनवून लिहिणारा माणूस पीठ वाळून भेगा पडल्या असं लिहीत नाही.

रोजा आहे, घसा कोरडा आहे, असं दाखवलं.

"ज्याच्यासाठी केलंस, त्याला विचारलं असशीलच," म्हणाले, आणि परत गेले.

११ मार्च

नागुबाईला फोन. पान गेलं, सांगितलं. तिचं नाव पण गेलं, ते पण सांगितलं. म्हणाली, पोरगी वाचली ना, मग झालं. पोरीला भेटलास का विचारलं. गेलो होतो म्हणालो. ते खोटं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. घरीच.

१७ मार्च, सोमवार

आरती मॅडमचा फोन. चिडून नाही, थकून बोलत होत्या.

लातूरहून बातमी आलीच गावात, वेगळी होऊन. बिलोलीच्या बाईचं खोटं पकडलं, शेठनं हाकलून दिली. काल एका घरी नागुबाई विचारायला गेली, टीसी दाखवा. घरचे म्हणाले, आधी तू तुझा दाखव. बाहेरगावच्या बाया आणल्या त्यांनी, टेम्पो करून. पुऱ्या झाल्या, पंगत उठली, अक्षता पडल्या.

मुलगी किती वर्षांची होती, मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, माझ्याच वर्गात होती. आठवीला.

२३ मार्च, रविवार

समारंभ झाला. हिमायतनगरच्या रामकिशनला मिळाला. शेठच्या नावाची पण एक पाटी लावतो, असं त्यानं भाषणात कबूल केलं.

२५ मार्च, मंगळवार

वैजनाथभाऊ फोन उचलत नाही. औरंगाबादला एक जण मंडपाच्या लाइटसाठी माणूस शोधतोय. ईद करून निघावं म्हणतो. अम्मी म्हणाली, फिर छोड़ दिया? सोडलं नाही, सुटलं म्हणालो. तिला फरक कळला नाही. मला पण नाही.

बरं, एक गोष्ट तरी केली. एका मुलीचं लग्न नीट लागंल. तेवढ्यावर तसल्ली मानून राहिलो.

२८ मार्च, शुक्रवार

अनोळखी नंबर. "यासेर का? मी तनुजा."

आवाज शांत होता. आरती मॅडमकडून सगळं कळलं म्हणे. मुखेडचा मुलगा बघायला आला त्याच दिवशी तिनं त्याला हळदीचं सांगितलं होतं. तोंडावर, पहिल्या पाच मिनिटांत. तो म्हणाला, बरं झालं उठलीस. त्याच्या आईला पण माहीत आहे. स्टेजवर यायला विचारलं असतं तर ती आली असती, नागुअक्काला शाल घालायला.

मला माहीत नव्हतं, म्हणालो.

"माहीत कसं होईल? पंधराव्या वर्षी मला कोणी विचारलं नाही, आणि ह्या वेळी तुम्ही नाही विचारलं. आता मी कुठंही जाऊन खरं सांगितलं, तरी तिथं तुमच्या सहीचा कागद आहे — असे काही घडलेले नाही."

मी उद्याच जातो म्हणालो, तो कागद परत घेतो, सगळं खरं सांगतो, तुमचं नाव घालून —

"आधी मला विचारा ना," ती म्हणाली.

मग विचारलं.